उकिडवी बैठक

लहानपणी जेवायला उकिडवं बसलं की आजी रागवायची. "नीट मांडी घालून बस. गाडी चुकतेय का तुझी?" ती स्वतः मात्र निम्मा दिवस उकिडवीच असायची. चुलीपुढं, न्हाणीच्या दगडावर कपडे धूत, अंगणात शेंगा फोडत. कराडजवळच्या त्या घरात मांडी ही जेवणाची, पूजेची, निवांतपणाची बैठक होती आणि उकिडवी बैठक कामाची. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. बघून बघून अंगात मुरलं होतं.

त्यानंतर तीसेक वर्षांनी, पेनसिल्व्हेनियातल्या लँसडेल गावच्या एका मैदानावर, माझ्या मुलाच्या बेसबॉल टीमचे कोच दहा-दहा वर्षांच्या पोरांना चवड्यांवर बसायला लावत होते. कुणी मागं कलंडत होतं, कुणी अर्ध्या मिनिटात गुडघे धरून उठत होतं. आमचा मुलगा बसला आणि बसूनच राहिला. शेजारच्या गवतातून एक काडी उपटून ती सोलत. कोच म्हणाले, "कॅचर मिळाला."

मला तेव्हा बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं. नवऱ्याला क्रिकेट कळायचं, त्या जोरावर तो अंदाज बांधायचा. टीमच्या पेटाऱ्यातून मुलाला पायाचे गार्ड मिळाले, छातीचा पॅड मिळाला, त्याच्या डोक्याला दोन बोटं मोठा असलेला मास्क मिळाला. पहिल्या मॅचला मी लाल मातीत गुडघे टेकून त्याचे गार्ड बांधले, तर शेजारची एक आई धावत आली आणि सगळे हुक सोडवून तिनं पुन्हा लावले. हुक पायाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवेत. आतल्या बाजूला आले तर धावताना एका पायाचा हुक दुसऱ्यात अडकतो आणि पोर तोंडावर पडतं. पुढची चार वर्षं ते हुक मी लावले, प्रत्येक मॅचला दोनदा तीनदा, कारण बॅटिंगला जाताना ते काढायचे आणि परत येताना घालायचे. इतर मुलं बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळत असताना कॅचरची ही लगबग चालूच असते.

कॅचर म्हणजे विकेटकीपर, असं आम्ही भारतात फोनवर सांगायचो. सांगायला ते सोपं जायचं, पण खरं नव्हे. वेगवान बोलिंगला कीपर वीस पावलं मागं उभा राहतो. कॅचर बॅटच्या पट्ट्यातच बसतो, साडेसाठ फुटांवरून येणाऱ्या दीडशे किलोमीटर वेगाच्या बॉलपुढं, आणि फलंदाज त्या बॉलला मारण्यासाठी त्याच्या नाकासमोर बॅट फिरवत असतो. बॅटची कड लागून वळलेला बॉल मास्कवर, गळ्यावर, मांडीवर, उघड्या हाताच्या बोटांवर येतो. म्हणून उजवा हात पाठीमागं लपवायला शिकवतात. जुन्या कॅचरांची बोटं पाहिली तर वेड्यावाकड्या आल्यासारखी दिसतात. एका मॅचमध्ये दीडशेच्या आसपास वेळा बसायचं आणि उठायचं.

आणि कीपर बॉल कुठला टाकायचा हे ठरवत नाही. कॅचर ठरवतो, किंवा निदान सुचवतो. दोन्ही मांड्यांच्या मधे बोटांनी खूण करायची. एक बोट म्हणजे सरळ वेगवान, दोन म्हणजे वळणारा, आणि समोरचा धावपटू दुसऱ्या बेसवर (धाव पुरी करायला फिरायच्या चार थांब्यांतल्या दुसऱ्यावर) पोचला की त्याला खुणा दिसतात म्हणून सगळी भाषाच बदलायची. संध्याकाळच्या उजेडात पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, बोटं दिसावीत म्हणून हे दाढीवाले गडी नखांना भडक रंग लावत. २०२२ पासून मोठ्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीग बेसबॉलमध्ये, बटणांचं यंत्र आलं. मनगटावरचं बटण दाबलं की पिचरच्या टोपीत आवाज येतो. पण कुठलं बटण दाबायचं हे डोकं बहुतेक वेळा कॅचरचंच. समोरच्या नऊ बॅटरांची दुखणी त्याला पाठ असतात. आपल्या पिचरचा आज कुठला बॉल चालत नाहीये, हे पिचरच्या आधी त्याच्या तळहाताला कळतं.

मैदानावर नऊ जण असतात. आठ जणांची तोंडं एका दिशेला. कॅचर एकटाच त्यांच्याकडं तोंड करून बसतो. अख्खं मैदान त्याला एका नजरेत दिसतं. मला हे उमगलं तेव्हा मी मुलाच्या मॅच पाहायची जागा बदलली, पहिल्या बेसजवळची खुर्ची उचलून जाळीमागं, त्याच्या बरोबर पाठीशी नेली. त्याला जे दिसतं ते मला दिसावं म्हणून.

२०१८ च्या ऑक्टोबरात आमच्या शेजारचे आजोबा कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "आज मॅच बघा. मिलवॉकीचा कॅचर आपल्या इकडचा आहे. टेलफर्डचा." टेलफर्ड आमच्यापासून गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर. शेतं, चर्च, लाकडाची आणि मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं असलेला हा पट्टा मेनोनाइट लोकांचा. अठराव्या शतकात जर्मनीकडून येऊन राहिलेली ही साधी, कष्टाळू, शस्त्र न उचलणारी माणसं. त्या गावचा एरिक क्रॅट्झ. शिकला तो लँसडेलच्याच क्रिस्टोफर डॉक या मेनोनाइट शाळेत. मी रोज ज्या रस्त्यानं किराणा आणायला जाते त्याच्या आसपास.

त्या रात्री टीव्हीवर तो पहिल्यांदा पाहिला. अडतीस वर्षांचा, सहा फुटांहून उंच, रुंद खांद्यांचा. एवढा मोठा देह इतका खाली कसा बसतो याचंच मला आधी नवल वाटलं.

मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि जितकं वाचलं तितकी ती माझ्या ओळखीची गोष्ट वाटायला लागली.

क्रॅट्झ व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गच्या ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठात गेला. ते डिव्हिजन थ्रीचं कॉलेज. म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, आणि मोठ्या क्लबांची माणसं सहसा तिकडं फिरकत नाहीत. क्लब दर वर्षी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, त्या २००२ च्या निवडीत टोरोंटो ब्लू जेज या क्लबनं त्याला एकोणतिसाव्या फेरीत घेतलं. त्याच्या आधी ८६५ मुलांची नावं पुकारून झाली होती. निवड झाली म्हणजे मोठ्या लीगमध्ये गेला असं नव्हे. तिथून खाली मायनर लीगच्या पायऱ्या असतात, प्रत्येक पायरी म्हणजे वेगळं गाव, वेगळी टीम. न्यू हॅम्पशायर, सिरॅक्यूज अशा ठिकाणांमधून तो चढत-उतरत राहिला. रात्रभर बस, सकाळी स्वस्तातलं हॉटेल, संध्याकाळी मॅच. त्या काळात खालच्या पायऱ्यांवर महिन्याला हजार डॉलरच्या आसपास मिळायचे, आणि तेही हंगामाचे महिने तेवढेच. हिवाळ्यात क्रॅट्झ घरी येऊन बांधकामावर काम करायचा. लग्न झालेलं होतं.

इथं मला राग येतो आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही. ज्या उद्योगात एकेका खेळाडूला वर्षाला कोट्यवधी डॉलर मिळतात, त्याच उद्योगानं आपल्या शेकडो शिकाऊ कामगारांना दशकानुदशकं पोट भरणार नाही एवढ्यावर राबवलं. "स्वप्नाची किंमत" म्हणून. खेळाडू कोर्टात गेले, २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली, आणि २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला. तेव्हा कुठं ट्रिपल-ए या सगळ्यात वरच्या पायरीवर वर्षाला किमान ३५,८०० डॉलर ठरले. क्रॅट्झची ती वर्षं तोवर मागं पडली होती.

एकोणतिसाव्या फेरीच्या मुलाला सहसा दोन-तीन वर्षांत घरी पाठवतात. क्रॅट्झ टिकला, कारण कॅचर लागतातच. कोवळे पिचर तयार करायचे तर त्यांच्यासमोर बसायला कुणीतरी जाणता माणूस हवा. तेवढ्यासाठीच पगारावर ठेवलेले कॅचर असतात. वर जायची आशा क्लबनं सोडलेली असते, फक्त त्यांना तसं सांगितलेलं नसतं. टोरोंटोकडं सात हंगाम झाले. मग तो पिट्सबर्ग पायरेट्सच्या व्यवस्थेत, इंडियानापोलिसला गेला. १७ जुलै २०१० ला त्याला मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरवलं. तीस पूर्ण होऊन महिना झाला होता. या वयात बरेच खेळाडू निवृत्तीच्या घरात असतात.

इथंच गोष्ट संपवायची लोकांना फार आवड असते. चिकाटी, मग यश, मग पार्श्वसंगीत. पण काही आठवड्यांत तो परत खाली गेला, आणि त्याचं खरं आयुष्य त्यानंतर सुरू झालं.

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर कुठं मोडतं ते शोधायचं, हे माझं काम. सोळा वर्षांत अकरा क्लायंट झाले. कंत्राट सहा महिन्यांचं, कधी नऊ, एकदा तीन वर्षं लांबलं तर आम्ही पडदे शिवून घेतले. काम नसलं की आमच्याकडं "बेंचवर आहे" म्हणतात. तो शब्द खेळातून आलाय हे मला मुलाच्या मॅच बघायला लागल्यावर लक्षात आलं. व्हिसाच्या दिवसांत बेंचवरचा प्रत्येक दिवस मोजला जायचा. एका मोठ्या कंपनीत माझं काम शुक्रवारी दुपारी तीन वाजता मेलवरून संपलं, आणि सोमवारी ज्या मीटिंगमध्ये मला बोलायचं होतं तिचं आमंत्रण शनिवारी सकाळपर्यंत माझ्या फोनवर तसंच होतं. त्या मेलमधला एकही शब्द कठोर नव्हता. तेच मला जास्त लागलं.

बेसबॉलमध्ये या मेलला नाव आहे, डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट. क्लबच्या चाळीस जणांच्या यादीतून तुमचं नाव काढायचं, कारण ती जागा दुसऱ्या कुणाला हवी आहे. मग ठराविक दिवसांत तुम्हाला दुसऱ्या क्लबला द्यायचं, खाली पाठवायचं किंवा मोकळं करायचं. ते दिवस तुम्ही कुणाचेच नसता. क्रॅट्झच्या आयुष्यात हे इतक्या वेळा झालं की त्याच्या क्लबांची यादी वाचताना मला आमच्या घरातले जुने पत्ते आठवले.

२०११ ते २०१३ हा त्यातला बरा काळ. फिलाडेल्फिया फिलीज म्हणजे घरचाच क्लब, आणि त्यांची ट्रिपल-ए टीम ॲलनटाउनला, टेलफर्डहून तास लागणार नाही. २०१२ मध्ये मुख्य कॅचर कार्लोस रुईझ दुखावला तेव्हा क्रॅट्झला ५० सामने मिळाले आणि त्यानं ९ होमरन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखे फटके, मारले. पुढच्या वर्षीही ९. आमचे शेजारी आजोबा सांगतात, त्या वर्षांत चर्चनंतर लोक त्याचाच खेळ बोलायचे. डिसेंबर २०१३ मध्ये फिलीजनी त्याला टोरोंटोला देऊन टाकलं. जुलै २०१४ मध्ये टोरोंटोनं कॅन्सस सिटीला. २०१५ मध्ये कॅन्सस सिटी, बोस्टन, सिअ‍ॅटल, पुन्हा फिलाडेल्फिया. २०१६ च्या पहिल्या सहामाहीत सॅन दिएगो, ह्यूस्टन, एंजल्स, पिट्सबर्ग. यातल्या काही ठिकाणी तो मोठ्या टीमसाठी एकही सामना खेळला नाही. नुसता तयार राहिला, पुन्हा पेटारा भरला. त्याच वर्षी ह्यूस्टन आणि पिट्सबर्ग दोघांनीही हरलेल्या सामन्याच्या शेवटी त्यालाच पिचर म्हणून उभं केलं, खऱ्या पिचरांचे हात वाचावेत म्हणून. तोही गेला आणि टाकून आला.

२०१४ च्या ऑक्टोबराचा विचार माझ्या मनातून जात नाही. कॅन्सस सिटी रॉयल्स वर्ल्ड सिरीजला, म्हणजे लीगच्या अंतिम मालिकेला, पोचले होते. त्यांचा मुख्य कॅचर साल्वादोर पेरेझ हा असा माणूस की जो बसायचं सोडतच नाही. क्रॅट्झ राखीव कॅचर म्हणून टीममध्ये. सातव्या सामन्यात, शेवटच्या इनिंगला (इनिंग म्हणजे दोन्ही टीमची बॅटिंगची एकेक पाळी), बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर नव्वद फुटांवर उभी असताना पेरेझचा झेल उडाला आणि सिरीज गेली. त्या महिनाभरात क्रॅट्झ एकदाही मैदानात उतरला नाही. पण पेरेझला बॉल लागून तो विव्हळत बसला की प्रत्येक वेळी बाकावरच्या या माणसानं काय केलं असेल हे आता मला माहीत आहे. मुलाकडं बघून माहीत आहे. गार्डचे हुक चाचपायचे. मास्क मांडीवर घ्यायचा. समोरच्या पुढच्या तीन बॅटरांची मनात उजळणी करायची. आणि पेरेझ उठून उभा राहिला की मास्क पुन्हा खाली ठेवायचा. आपल्या माणसाला काही होऊ नये असं मनापासून वाटत असतानाच, झालं तर त्या क्षणाला पुरं पडायची तयारी ठेवायची. या दोन गोष्टी एका मनात कशा राहतात ते मला सांगता येणार नाही. राहतात एवढं खरं. पुढच्या वर्षी रॉयल्स वर्ल्ड सिरीज जिंकले. तोवर हंगामाच्या मध्यावरच त्यांनी क्रॅट्झला सोडलं होतं.

त्याची बॅटिंगची सरासरी कारकीर्दभराची .२०९. शंभर वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर एकवीस वेळा जमलं. मोठ्या लीगमध्ये या आकड्यावर कुणी टिकत नाही. तरी नऊ क्लबांनी त्याला मोठ्या मैदानावर उतरवलं, आणखी काहींनी करार केले. कशासाठी? थोडं आता मोजता येतं. स्ट्राइकच्या चौकटीच्या, म्हणजे बॅटरविरुद्ध मोजल्या जाणाऱ्या बॉलच्या हद्दीच्या, काठावरचा बॉल हातमोजा न हलवता, शांतपणे झेलला तर अंपायरला तो आत वाटतो. याला फ्रेमिंग म्हणतात, आणि कॅमेऱ्यांमुळं त्याचा हिशोब लागायला लागला. दुसऱ्या बेसकडं चोरून पळणाऱ्याला बाद करायला बसलेल्या जागेवरून १२७ फूट फेकायचं असतं, बॉल हातमोज्यात शिरल्यापासून दोन सेकंदांत. हेही घड्याळावर मोजतात. पण घाबरलेल्या पिचरकडं कधी चालत जायचं आणि कधी मुद्दाम जायचं नाही, अंपायरशी मान न वळवता कसं बोलायचं, नव्या क्लबात पोचल्यापोचल्या बारा-तेरा अनोळखी पिचरांच्या सवयी दोन रात्रींत कशा पाठ करायच्या, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. माझ्या कामातही असंच आहे. किती बग सापडले ते मोजतात. सापडले नाहीत कारण आधीच कुणीतरी प्रश्न विचारला होता, ते कुणी मोजत नाही.

२०१७ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क यँकीजनी त्याला दोनदा बॅटिंग दिली. दोन्ही वेळा हिट, म्हणजे बॉल मारून सुखरूप बेस गाठला. मे २०१८ मध्ये त्यांनी त्याला मिलवॉकी ब्रुअर्सकडं पाठवलं. ब्रुअर्सना गरज होती म्हणून घेतलेला हा माणूस ऑक्टोबर आला तरी तिथंच होता, आणि कोलोरॅडोविरुद्धच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा खेळला. शेजारच्या आजोबांनी आम्हाला बघायला सांगितलेली ती मॅच. त्या मालिकेत आठ वेळा बॅट घेऊन त्यानं पाच हिट मारले, आणि ब्रुअर्सनी तिन्ही सामने जिंकले. पुढं डॉजर्सविरुद्ध ते सातव्या सामन्यात हरले. आजोबा रडले होते असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. मार्च २०१९ मध्ये ब्रुअर्सनी क्रॅट्झला सॅन फ्रान्सिस्कोला दिलं. मेमध्ये तो टँपा बेला गेला. मग पुन्हा यँकीजच्या ट्रिपल-ए टीमकडं, स्क्रँटनला.

२०२० च्या ऑगस्टात मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केटी देत होते. केटी म्हणजे आपलं काम आपल्या जागी येणाऱ्याला शिकवून जायचं. क्लायंटनं आमचं काम भारतात हलवायचं ठरवलं होतं. माझ्या जागी पुण्याच्या हिंजवडीतली एक चोवीस वर्षांची मुलगी येणार होती. माझी रात्र, तिची सकाळ. पहिले दोन दिवस मी कागदावर होतं तेवढंच वाचून दाखवलं, तेही पडलेल्या आवाजात. ती "हो मॅडम, ओके मॅडम" करत लिहून घेत होती. तिच्या मागं कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आणि ती घाईनं आवाज बंद करायची.

त्याच दिवसांत, ३० ऑगस्टला, रिकाम्या यँकी स्टेडियममध्ये डेव्ही गार्सिया नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये बॉल टाकायला उभा राहिला. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या बोनाओचा, चणीनं लहान. डबलहेडरचा, म्हणजे एकाच दिवशीच्या दोन सामन्यांतला, दुसरा सामना, समोर न्यूयॉर्क मेट्स. सहा इनिंग त्यानं टाकल्या, आणि त्याच्या खात्यावर लिहावी अशी एकही धाव गेली नाही. त्याच्यासमोर उकिडवा बसला होता चाळीस वर्षांचा क्रॅट्झ. स्क्रँटनच्या दिवसांपासून तो या पोरांचे बॉल झेलत आला होता. नंतर पत्रकारांशी व्हिडिओवर बोलताना, परक्या देशात परक्या भाषेत धडपडणाऱ्या या मुलांविषयी सांगताना त्याचा गळा दाटला. थांबला, डोळे पुसले, पुन्हा बोलायला गेला तर पुन्हा दाटला. स्वतःच्या कुठल्या हिटबद्दल बोलताना त्याला असं झालेलं मी पाहिलं नाही.

ते मी रात्री साडेअकराला, भांडी घासून झाल्यावर, फोनवर पाहिलं आणि दिवा बंद न करता तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी हिंजवडीच्या त्या मुलीला म्हटलं, "कागद बाजूला ठेव. आता जे सांगते ते कुठंच लिहिलेलं नाही." आणि सांगत गेले. महिनाअखेरीला कुठली स्क्रीन अडते. कुठला डेव्हलपर "झालं" म्हणाला की खरंच झालेलं असतं आणि कुणाचं पुन्हा बघायचं. क्लायंटच्या बाई शांत झाल्या की समजायचं त्या चिडल्यात. दोन आठवड्यांत चाळीस पानं झाली. शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "ताई, मला अडलं तर फोन करू?" मॅडमची ताई कधी झाले ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. ती अजून करते. मागच्या वर्षी ती टीम लीड झाली तेव्हा पहिला मेसेज मला आला, आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी गाडी बंद करून तो तीनदा वाचला.

क्रॅट्झ त्या हंगामानंतर, नोव्हेंबर २०२० मध्ये थांबला. त्याच्या खात्यावर मोठ्या लीगचे ३१ होमरन आहेत.

आमचा मुलगा चौदा वर्षांचा झाल्यावर मोठ्या टीममध्ये गेला, आणि तिथं त्याच्यापेक्षा दणकट हाताचा एक कॅचर आधीच होता. चांगला मुलगा, मला आवडतो. आमचा राखीव झाला. मॅच चालू असताना तो मैदानाच्या टोकाला, जाळीपलीकडच्या पट्ट्यात बसून पुढच्या पिचरांना सराव द्यायचा. मला ते सहन होईना. दर शनिवारी पाच वाजता उठून पोह्यांचा डबा करायचा, तास-दीड तास गाडी चालवायची, आणि पोराचं नाव स्पीकरवर एकदाही पुकारलं जायचं नाही. नवरा म्हणाला, त्याला विचार ना सोडायचंय का. मी विचारलं नाही. तो काय म्हणेल याची मलाच भीती होती.

एका शनिवारी मी खुर्ची उचलून त्या टोकाला गेले आणि जाळीशी उभी राहिले. एक उंच, लुकडा पिचर, पुढच्या इनिंगला जायचा होता, आणि त्याचा एक बॉल जाग्यावर पडत नव्हता. एक मुलाच्या डोक्यावरून गेला. एक दोन फूट आधी आपटला, मुलानं तो छातीवर घेतला. पॅडचा धप्प आवाज माझ्यापर्यंत आला. चौथ्या बॉलनंतर मुलगा उठला, मास्क डोक्यावर सरकवला, चालत त्याच्यापाशी गेला. दोघं काहीतरी बोलले. मुलानं परत येऊन हातमोजा खाली, गुडघ्याच्या उंचीवर धरला आणि धरूनच ठेवला. बॉल आला तो बरोबर त्यात. चामड्याचा तो आवाज वेगळाच असतो, कोरडा, भरलेला. पुढचाही आला. त्या लुकड्या मुलानं दोन इनिंग छान टाकल्या आणि टीमनं त्याच्या पाठीवर थापा मारल्या. आमचा तोवर पुढच्या पिचरसमोर बसला होता.

दोन मॅचच्या मधल्या सुट्टीत तो गाडीपाशी आला. मी विचारलं, "काय सांगितलंस रे त्याला?"

"काही नाही. विचारलं, आज कुठला बॉल हातातून नीट सुटतोय. तो म्हणाला सरळवाला. मग म्हटलं तोच टाक, वळणारा उद्या बघू."

मी डबा उघडून त्याच्या हातात दिला. गार्ड त्यानं काढले नव्हते. गाडीच्या सावलीत तो तसाच चवड्यांवर बसला आणि पोहे खायला लागला. गुडघ्यांना लाल माती, मानेवर घामाची रेघ. आजीचं वाक्य माझ्या ओठांवर आलं. सुट्टी आहे, नीट मांडी घालून बस, म्हणणारच होते.

"दुसरी मॅच मला आहे," तो घास गिळत म्हणाला. मैदानाकडं बघत त्यानं एका हातानं डाव्या गार्डचा वरचा हुक चाचपून पाहिला. बाहेरच्या बाजूला होता.